भारताची वाढती वीजमागणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजेची टंचाई, सौरऊर्जा, शेतीपंप आणि वीजबिल यांविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न साध्यापासून अवघडाकडे जातात. देशाच्या क्षमतेचे आकडे मार्च २०२५अखेरचे आहेत. उत्तरांमागे आमचे एक ठाम मत आहे आणि ते आधीच सांगितलेले बरे : किती मेगावॉट उभारले याची चर्चा आपल्याकडे फार होते, वीज कोणत्या तासाला, कोणाला आणि कोणाच्या पैशाने मिळते, याची चर्चा त्या मानाने फारच कमी होते.

१. मेगावॉट आणि युनिट यांत फरक काय? बातम्यांत दोन्ही येतात आणि गोंधळ होतो.

एखाद्या क्षणी किती वीज लागते किंवा तयार होते ते मेगावॉटमध्ये मोजतात. ठरावीक काळात एकूण किती वीज वापरली ते युनिटमध्ये. एक किलोवॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट खर्च होते. हजार किलोवॉटचा एक मेगावॉट आणि हजार मेगावॉटचा एक गिगावॉट होतो. घराचे बिल मुख्यतः युनिटवर येते, टंचाई मात्र मेगावॉटची असते. म्हणूनच वर्षभराच्या हिशेबात वीज पुरेशी दिसत असतानाही मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी ती कमी पडू शकते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एक मेगावॉट सौर क्षमतेतून वर्षाला साधारण १५ ते १७ लाख युनिट मिळतात, तर नीट चालणाऱ्या कोळशाच्या संचातून तेवढ्याच क्षमतेवर ६० लाखांहून अधिक मिळू शकतात. क्षमतेचे आकडे एकमेकांशेजारी मांडताना हा फरक बहुतेक वेळा सांगितला जात नाही.

२. देशाची मागणी किती आहे आणि ती इतक्या वेगाने का वाढते आहे?

स्वातंत्र्याच्या वेळी संपूर्ण देशाची स्थापित क्षमता १,३६२ मेगावॉट होती, म्हणजे आजच्या एकट्या कोयना प्रकल्पाहूनही कमी. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी २५० गिगावॉटपर्यंत पोहोचली. या वाढीमागे कारखाने, शेतीपंप, मेट्रो आणि रेल्वेचे विद्युतीकरण तर आहेच. पण अलीकडच्या काळात सर्वांत जाणवणारे कारण उष्णता आणि तिच्यामुळे वाढलेले एसी हे आहे. देशात आता वर्षाला एक कोटीहून अधिक एसी विकले जातात.

तरीही २०२३-२४ मध्ये भारताचा दरडोई वार्षिक वीजवापर १,३९५ युनिट होता, आणि तो जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. ज्या घरात पहिला पंखा किंवा पहिले फ्रिज येते, त्या घराच्या मागणीला उधळपट्टी म्हणता येणार नाही. ही मागणी वाढायलाच हवी. ती कशी भागवायची, एवढाच प्रश्न आहे.

३. देशातले प्रत्येक गाव विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले. मग आमच्या पाड्यावरची काही घरे अंधारात का राहिली?

मणिपूरमधील लेइसांग या गावापर्यंत २८ एप्रिल २०१८ रोजी वीज पोहोचली आणि सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे घोषित झाले. तेव्हाच्या सरकारी व्याख्येनुसार गावात आवश्यक यंत्रणा, शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक जागी वीज आणि किमान १० टक्के घरांत जोडणी असली की गाव विद्युतीकृत ठरत असे. उरलेली घरे जोडण्यासाठी सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना सुरू झाली आणि तिच्यामुळे कोट्यवधी घरांत मीटर पोहोचले. विखुरलेले पाडे, नंतर बांधलेली घरे आणि कागदपत्रे नसलेली कुटुंबे यांच्यापैकी काही त्यातूनही सुटली. अशा घरांनी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात नव्या जोडणीचा लेखी अर्ज करून पोच घ्यावी, कारण तोंडी विनंतीची नोंद कुठेच राहत नाही.

४. स्थापित क्षमता ४७५ गिगावॉट आणि कमाल मागणी २५० गिगावॉट. मग वीज जाते तरी कशी?

स्थापित क्षमतेतील सगळी वीज सगळ्या तासांना हाताशी नसते. सूर्य मावळला की १०० गिगावॉटहून अधिक सौर क्षमता शून्यावर येते, वारा मुख्यतः पावसाळ्यात मिळतो, धरणांचे पाणी सिंचनासाठीही राखावे लागते, औष्णिक संच दुरुस्तीसाठी बंद असतात आणि गॅसवर चालणारी बरीचशी केंद्रे इंधन महाग असल्याने पडून राहतात.

मात्र ग्राहकाच्या घरातली वीज जाते, तेव्हा बहुतेक वेळा देशाच्या क्षमतेचा त्याच्याशी संबंध नसतो. डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) जळालेली असते, फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वितरण वाहिनीवर, भार जास्त झालेला असतो, तारेवर फांदी पडलेली असते किंवा वायरमनच्या जागा रिकाम्या असतात. महाराष्ट्राने २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले, ते खरोखर विजेच्या तुटवड्याचे होते. आजची अडचण अधिक करून वितरणाची आहे, आणि नवे वीजनिर्मिती केंद्र उभारून ती सुटत नाही.

५. ऊन फुकट आहे, तर सगळीच वीज सौर का करत नाही?

दिवसाच्या विजेसाठी सौर हाच आज सर्वांत स्वस्त नवा मार्ग आहे, यात शंका नाही. देशाची सौर क्षमता २०२५च्या सुरुवातीला १०० गिगावॉटच्या पुढे गेली. पण एकूण क्षमतेत सौरचा वाटा पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त असला, तरी प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत तो २०२४-२५ मध्ये सुमारे ८ टक्के होता. कोळशाचा वाटा तीन चतुर्थांशाच्या जवळपास होता.

खरी अडचण संध्याकाळची आहे. साडेपाच ते साडेसात या वेळात सौर वीज झपाट्याने उतरते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, मोटारी आणि एसी सुरू होतात. दुसरी अडचण जागेची आणि तारांची आहे. एक मेगावॉटला साधारण चार एकर जमीन लागते; राजस्थानातील भडलाच्या २,२४५ मेगावॉटच्या सौर उद्यानासारखी उद्याने टप्प्याटप्प्याने उभी राहतात आणि एकेक टप्पा दीड-दोन वर्षांत होऊ शकतो, पण तेथील वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. त्याच माळरानांवर माळढोक पक्ष्याचा शेवटचा अधिवास असल्याने वाहिन्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. स्वच्छ ऊर्जेलाही किंमत असते आणि ती मोकळेपणाने मोजली पाहिजे.

६. दुपारची जास्तीची वीज रात्रीसाठी साठवता येत नाही का?

येते, आणि पुढील दहा वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा खर्च हाच असावा असे आम्हांला वाटते. जुना आणि खात्रीचा मार्ग उदंचनाचा : दुपारी जास्तीच्या विजेवर खालच्या जलाशयातले पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून जनित्र फिरवायचे. सह्याद्रीचा उभा कडा यासाठी फार सोयीचा आहे. घाटघर येथील २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८पासून याच तत्त्वावर चालतो. चढवण्यात जेवढी वीज लागते तिच्या साधारण तीन चतुर्थांश ते चार पंचमांश परत मिळते. दुसरा मार्ग मोठ्या बॅटऱ्यांचा. त्यांच्या निविदांतील दर गेल्या काही वर्षांत झपाट्याने उतरले आहेत आणि त्या उपकेंद्राच्या आवारातही बसवता येतात. दोन ते चार तासांच्या गरजेला बॅटरी योग्य, त्याहून लांब गरजेला उदंचन.

७. मग कोयनेसारखी आणखी जलविद्युत केंद्रे का काढत नाहीत?

कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे आणि काही मिनिटांत सुरू होणारी ही वीज संध्याकाळच्या मागणीला अमोल आहे. परंतु कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेचे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणीच वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्यास परवानगी दिली, त्यामुळे तेथे जनित्रे वाढवली तरी वर्षाची युनिटे वाढत नाहीत. नव्या मोठ्या धरणांचा प्रश्न विस्थापितांचा आहे. कोयनेच्या विस्थापितांना हक्काच्या पुनर्वसनासाठी दोन पिढ्यांहून अधिक काळ झगडावे लागले, हे ज्याला ठाऊक आहे तो नव्या बुडीत क्षेत्राचा विचार हलकेपणाने करणार नाही.

८. शेतीला वीज रात्रीच का? आमच्या माणसांनी बिबट्याच्या भीतीत पाण्याची दारे का धरायची?

आम्हांला सर्वाधिक येणारा आणि सर्वांत रास्त प्रश्न हाच आहे. महावितरणच्या ग्राहकांत शेतीपंपधारक सुमारे १६ टक्के आहेत, पण विजेच्या एकूण वापरात त्यांचा वाटा सुमारे ३० टक्के आहे. एवढा मोठा भार कारखाने आणि कार्यालये चालू असताना एकदम घेतला, तर पूर्वी वीजही पुरत नसे आणि वाहिन्याही तापत. म्हणून गावठाण आणि शेती यांचे फीडर वेगळे करून शेतीला पाळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, थ्री फेज पुरवठा देण्याची पद्धत पडली. रात्री मागणी कमी असते आणि औष्णिक केंद्रे सहसा पूर्ण बंद करता येत नाहीत, म्हणून ती वीज शेताकडे वळवली गेली. व्यवस्थेच्या सोयीची किंमत शेतकऱ्याने सर्पदंशाने, विजेच्या धक्क्याने आणि झोपेने मोजली.

आता या हिशेबाचा पायाच बदलला आहे. वीज दुपारी मुबलक आणि रात्री महाग झाली आहे, त्यामुळे शेतकऱ्याची सोय आणि ग्रीडची, म्हणजे देशभर जोडलेल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, सोय प्रथमच एका बाजूला आली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात उपकेंद्राजवळच्या शासकीय किंवा भाड्याच्या जमिनीवर काही मेगावॉटचे सौर प्रकल्प उभारून त्या उपकेंद्रावरचे शेती फीडर दिवसा चालवायचे आहेत. एकूण लक्ष्य १६ हजार मेगावॉटचे आहे. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले. वीज जिथे लागते तिथेच तयार होत असल्याने वाहतुकीतली गळतीही घटते. देशभरात चाललेल्या योजनांपैकी आम्हांला ही सर्वांत मोलाची वाटते, आणि म्हणूनच तिची कामे रखडतात तेथे गावाने उपकेंद्रनिहाय जाब विचारला पाहिजे.

९. मी सौरपंप घ्यावा की फीडर सौर होण्याची वाट पाहावी?

विहिरीपर्यंत विजेची तार नसेल, तर सौरपंप घ्यावा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात. पंपाची क्षमता जमिनीच्या क्षेत्रावर ठरते : अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५.

तार आधीपासून असेल, तर विचार करून ठरवावे. सौरपंपाचे पॅनल पावसाळ्यात आणि पीक नसताना रिकामे राहतात, तर फीडरवरच्या प्रकल्पाची तेव्हाची वीज ग्रीडला जाते, म्हणून देशाच्या दृष्टीने फीडरचा मार्ग किफायतशीर आहे. खोल बोअरला ७.५ अश्वशक्ती अनेकदा पुरत नाही, हाही अपवाद लक्षात घ्यावा. शिवाय उपशाला खर्चच उरला नाही तर भूजल वेगाने खाली जाते. ठिबक आणि पीकपद्धतीकडे लक्ष न देता केवळ पंप वाटले, तर काही वर्षांनी पंप असतील आणि विहिरी कोरड्या असतील.

१०. शेतीला वीज मोफत झाली. मग तिचे पैसे कोण भरते?

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल एप्रिल २०२४पासून पाच वर्षे राज्य सरकार भरणार आहे. योजनेच्या वेळी हा भार वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपये धरला होता. हा पैसा करदात्यांचा आहे. त्याशिवाय उद्योग आणि व्यापारी ग्राहकांच्या दरात शेती व गरीब घरांसाठीची क्रॉस सबसिडी, म्हणजे त्यांचा दर कमी ठेवण्यासाठी घेतलेली जास्तीची रक्कम, असते.

छोट्या शेतकऱ्याला मदत मिळायलाच हवी. आमचा आक्षेप न मोजण्याला आहे. अनेक पंपांना मीटर नाहीत किंवा ते बंद आहेत, त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजे धरला जातो, आणि त्या अंदाजात इतरांची चोरी व वाहिन्यांची गळती शेतकऱ्याच्या नावावर लपते, असे ग्राहक संघटना वर्षानुवर्षे दाखवून देत आल्या आहेत. देशातील वितरण कंपन्यांची तांत्रिक आणि वाणिज्यिक हानी (गळती, चोरी आणि वसूल न झालेली बिले) दशकापूर्वी २५ टक्क्यांच्या आसपास होती, ती २०२३-२४ मध्ये १६ टक्क्यांच्या आसपास आली. गळतीतून वाचलेल्या युनिटासाठी नवे केंद्र उभारावे लागत नाही.

११. एकीकडे सौर आणि दुसरीकडे कोळशाचे नवे संच, हे कसे?

रात्रीच्या मागणीला साठवणीची पुरेशी सोय होईपर्यंत कोळसा लागणार आहे. केंद्राने २०३२पर्यंत किमान ८० गिगावॉट नवी औष्णिक क्षमता जोडण्याची योजना याच कारणाने आखली. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेले. तरीही कोळसा म्हणजे खात्री असे समजू नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातील केंद्रांकडे सरासरी चार दिवसांचाच साठा उरला होता, आणि २०१३च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले.

चंद्रपूरकर राख आणि धूर यांची किंमत रोज मोजतात. आहेत ते संच दुपारी कमी भारावर चालवता यावेत यासाठी सुधारणा करणे आणि प्रदूषणरोधक यंत्रणा बसवणे, हे नव्या जागी नवे केंद्र काढण्याआधी व्हायला हवे. नव्या केंद्राचा करार पंचवीस वर्षांचा असतो, आणि त्यातला धोका पुढच्या उत्तरात सांगितला आहे.

१२. मागणी वाढणारच आहे, तर आधीच जास्त वीज खरेदी करून ठेवण्यात वाईट काय?

याचे उत्तर महाराष्ट्राने गुहागर तालुक्यात स्वतःच्या पैशाने शिकून घेतले आहे. दीर्घ मुदतीच्या वीजखरेदी करारात दोन भाग असतात : घेतलेल्या युनिटांचा बदलता खर्च, आणि वीज घ्या अथवा न घ्या, केंद्र तयार ठेवल्याबद्दल द्यावयाचा स्थिर आकार. टंचाईच्या धास्तीने तेथील अमेरिकी एन्रॉन कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाशी १९९३ मध्ये करार झाला. पुढे तो रद्द झाला आणि फेरवाटाघाटीनंतर पुन्हा जिवंत झाला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. मागणीचा अंदाज फुगवलेला होता, आकार डॉलरशी बांधलेले होते आणि इंधन म्हणून खनिज तेलापासून मिळणारा महाग नाफ्ता वापरला जात होता. स्वस्त वीज उपलब्ध असताना दाभोळची महाग वीज घेणे राज्य वीज मंडळाला परवडेना, न घ्यावी तर स्थिर आकार सुटेना. मे २००१ मध्ये खरेदी थांबली आणि केंद्र बंद पडले.

हा धोका आजही संपलेला नाही. आज कोळशाच्या एखाद्या केंद्राशी पंचवीस वर्षांसाठी बांधून घेतले आणि सातव्या वर्षी बॅटरीसह सौर वीज त्याहून स्वस्त झाली, तर उरलेली अठरा वर्षे स्थिर आकार ग्राहकच भरणार आहे. म्हणून करार लहान आणि टप्प्याटप्प्याने करावेत. मागणीचा अंदाज वीज नियामक आयोगासमोर जाहीर सुनावणीत तपासला जातो. तेथे कोणीही ग्राहक लेखी हरकत नोंदवू शकतो, आणि ती नोंदवावी.

१३. अणुऊर्जेचे काय?

ती दिवसरात्र मिळते आणि तिच्यातून धूर होत नाही. देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूर येथे १९६९ मध्ये सुरू झाले. परंतु उभारणीला दहा-पंधरा वर्षे लागतात, भांडवल प्रचंड लागते आणि स्थानिकांचा विश्वास मिळवावा लागतो. ९,९०० मेगावॉटचा जैतापूर प्रकल्प दीड दशकाहून अधिक काळ कागदावरच आहे. पुढील पाच-सात वर्षांच्या मागणीला तिचा उपयोग मर्यादितच राहील.

१४. सगळ्यांनी एकदम दिवे बंद केले किंवा एसी लावले, तर ग्रीड खरेच कोसळते का?

ग्रीडमध्ये दर क्षणी निर्मिती आणि मागणी जुळवावी लागते. त्यांचा तोल ५० हर्ट्झच्या वारंवारतेवर दिसतो आणि ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे बंद झाले, तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली. ग्रीड कोसळले नाही, कारण ग्रीडचा तोल सांभाळणाऱ्या भार प्रेषण केंद्रांनी आधी तयारी केली होती आणि जलविद्युत संच मिनिटामिनिटाला खालीवर केले. तयारी नसताना काय होते, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी दिसले होते. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रीड बंद पडून ६० कोटींहून अधिक लोकांच्या भागात अंधार झाला.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशाला जोडले गेले. त्यामुळे एका राज्यातला तुटवडा दुसऱ्या राज्यातल्या विजेने भरता येतो.

१५. छतावर सौर पॅनल आहेत, भर दुपार आहे, तरी बाहेरची वीज गेली की आमचाही पंखा बंद का पडतो?

हा दोष नाही, सुरक्षेची तरतूद आहे. ग्रीडशी जोडलेला इन्व्हर्टर बाहेरचा पुरवठा थांबताच स्वतः बंद होतो. तसे झाले नाही तर तुमच्या छतावरची वीज बाहेरच्या तारेत जाऊन दुरुस्ती करणाऱ्या लाईनमनचा जीव धोक्यात येईल. वीज गेल्यावरही घर चालावे असे वाटत असेल, तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. त्याचा खर्च बराच वाढतो, म्हणून जेथे वीज क्वचित जाते तेथे आम्ही त्याचा आग्रह धरणार नाही.

१६. आम्ही इमारतीत राहतो, छत आमचे एकट्याचे नाही. आम्हांला काही करता येते का?

छतावरच्या सौर यंत्रणेसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला दोन किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट ३० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरसाठी प्रतिकिलोवॉट १८ हजार रुपये मिळतात. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव करून नेट मीटरिंगसह, म्हणजे ग्रीडला दिलेली वीज बिलातून वजा होईल अशी, यंत्रणा बसवता येते. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. भाडेकरूने मात्र घरमालकाच्या संमतीशिवाय यात पैसे घालू नयेत.

१७. एका घराने काटकसर केल्याने देशाच्या मागणीत काय फरक पडणार?

काटकसर कोणत्या तासाला केली, यावर ते अवलंबून आहे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. उन्हाळ्यातल्या रात्री तो सलग चालतो, त्यामुळे ही बचत नेमकी महागड्या तासांत होते. दीड टनी एसी पूर्ण भारावर जुन्या वीस पंख्यांइतकी वीज घेतो, म्हणून तापमान २४ अंशांवर ठेवणे आणि पंचतारांकित यंत्र घेणे यांचा परिणाम मोठा आहे. उजाला योजनेत २०१५पासून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले आणि संध्याकाळच्या मागणीवर त्याचा मोजण्याजोगा परिणाम झाला. एकेका घराचीच ती बेरीज होती.

ज्यांना दिवसाच्या वेळेनुसार दर लागू झाले आहेत, त्यांना याचा थेट फायदाही मिळतो. केंद्राच्या २०२३च्या नियमांनुसार स्मार्ट मीटर बसल्यावर उन्हाच्या तासांतला दर कमी आणि कमाल मागणीच्या तासांतला जास्त ठेवायचा आहे. कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री, गीझर, विजेच्या दुचाकीचे चार्जिंग आणि इमारतीचा पाण्याचा पंप ही कामे संध्याकाळी सातऐवजी सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान केली, तर तेवढी युनिटे कोळशाऐवजी बऱ्याच अंशी उन्हातून भागतात. मीटर जुनाच असेल तर बिलात फरक दिसणार नाही; ग्रीडवरचा संध्याकाळचा भार मात्र तेव्हाही तेवढाच हलका होतो.